दगडाची दोन वयं

हे पुस्तक लिहायचं मनात आलं ते एका फुटलेल्या कड्यामुळे. घोडनदीच्या काठची माती आणून, तिच्यात दगडाची कच मळून मी माझं पहिलं कडं केलं होतं. सावलीत आठ दिवस वाळवलं आणि ओळखीच्या कुंभारकाकांच्या भट्टीत त्यांच्या पणत्यांबरोबर भाजून घेतलं. निघालं तेव्हा विटकरी अंगावर काळे ठिपके होते, टिचकी मारली तर खणखणीत आवाज येत होता. कापसात गुंडाळून मी ते कपाटात ठेवलं. पंधरा दिवसांनी भाच्याच्या मुंजीला घालायचं म्हणून काढलं, तर तीन ठिकाणी टवके उडालेले आणि एका जागी ते आरपार तडकलेलं. पडलं नव्हतं, आपटलं नव्हतं, कुणी हातही लावला नव्हता. प्रत्येक टवक्याच्या तळाशी पिठासारखा पांढरा ठिपका होता.

काकांना नेऊन दाखवलं. त्यांनी तो ठिपका बोटावर चोळून पाहिला आणि म्हणाले, "ताई, चुन्याचा खडा राहिला बघा."

नदीकाठच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भट्टीच्या आचेत, सातशे-आठशे अंशांच्या पुढे, त्या खड्याचा कळीचा चुना होतो. कळीचा चुना पाण्यात टाकला की कसा फसफसून फुगतो, हे ज्यांच्या घरी दिवाळीआधी भिंतींना चुना लावला जायचा त्यांना आठवत असेल. कड्याच्या पोटात राहिलेला खडा तेच करतो, फक्त सावकाश. हवेतली ओल पीत तो फुगतो आणि भोवतीच्या भाजलेल्या मातीला बाहेर ढकलतो. कुंभाराच्या घरी माती चाळण्या-निवडण्यात जो वेळ जातो, त्यातला पुष्कळसा या खड्यासाठी जातो, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी मातीत कच घालत होते ती दिसायला छान दिसते म्हणून. दगड कोणता, त्यात काय आहे, आगीत त्याचं काय होतं, हे प्रश्न मला पडलेच नव्हते.

माती आणि दगडाचा चुरा यांपासून मनगटात घालायचा दागिना हाताने कसा करायचा, एवढाच या पुस्तकाचा विषय. आज सगळे त्याला ब्रेसलेट म्हणतात आणि मीही म्हणते. पण आपल्याकडे मनगटाच्या दागिन्यांना शब्दांची टंचाई कधीच नव्हती. अखंड वळं असेल तर ते कडं. मणी ओवून केलेली ती पोची. शिवाय पाटल्या, गोठ, तोडे आहेतच. या पुस्तकात कडं आणि पोची असे दोन भाग मी मुद्दाम वेगळे ठेवले आहेत, कारण मातीच्या दृष्टीने ती दोन निरनिराळी कामं आहेत. कडं एका तड्याने संपतं. पोचीतला एक मणी गेला तर दुसरा ओवता येतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पोचीपासूनच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दगडाविषयी. पुण्यात राहणाऱ्या माणसाला दगड शोधायला जावं लागत नाही. पाताळेश्वराची लेणी ज्यात कोरली, शनिवारवाड्याचा तट ज्याच्यावर उभा राहिला, आणि आपल्या आयांनी ज्याच्या पाट्यावर चटणी वाटली, तो हाच काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि दख्खनचं पठार झालं. आजही या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापलेला आहे. दोन लाव्हांच्या मधल्या काळात जिथे उसंत मिळाली, तिथे वरचा खडक कुजून त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्हाने तिला झाकलं, भाजलं. कात्रजच्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या खडकाच्या मधे जो तांबडा पट्टा दिसतो तो हाच. भूशास्त्रज्ञ त्याला बोल म्हणतात. मी त्याला निसर्गाने भाजलेली पहिली माती म्हणते.

आणि आपल्या शेतातली काळी माती? तीही याच खडकाची. ऊन, पाऊस आणि काळ यांनी बेसॉल्ट झिजवला, त्यातली खनिजं बदलली, आणि ती माती झाली. म्हणजे मातीत दगडाची कच मळताना आपण दोन परक्या वस्तू एकत्र आणत नसतो. एकाच दगडाची दोन वयं एका गोळ्यात येतात: एक अजून घट्ट, दुसरं पार मऊ झालेलं. हे मला कळलं तेव्हा माझा या कामाकडे बघण्याचा डोळाच बदलला. आजही नवी माती हातात घेताना ती कुठल्या दगडाची, हा विचार आधी येतो.

पण काळी माती तशीच वापरता येत नाही. तिच्यातल्या चिकणमातीचा गुण असा, की ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. मे महिन्यात रानाला ज्या भेगा पडतात, हात आत जाईल एवढ्या, त्या या आकसण्याच्या. असल्या मातीचं कडं केलं तर ते वाळतानाच चिरफाळतं. म्हणून कुंभार नदीचा गाळ, पोयटा निवडतो आणि त्यातही भर घालतो: राख, लीद, बारीक वाळू. लीद आगीत जळून जाते आणि मागे बारीक छिद्रं ठेवते, त्यातून वाफ सुखाने बाहेर पडते. वाळू जळत नाही आणि आकसतही नाही. मातीचे कण जवळ येऊ बघतात तेव्हा ती मधे घट्ट उभी राहते, त्यामुळे गोळा कमी आकसतो आणि तडा पुढे धावत नाही. दगडाची कच मातीत घालतात ती मुळात यासाठी. कुंभारकामात साधारण दहा ते तीस टक्क्यांपर्यंत अशी भर घातली जाते. शोभा नंतरची. आधी ती मातीला सावरून धरते.

कच हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. जात्याला नव्याने टाकी लावली की पहिलं दळण टाकून देत, कारण त्यात कच उतरलेली असे आणि ती भाकरीत दाताखाली येई. बांधकामावर खडीच्या खालची बारीक भर म्हणजेही कच. असा नेमका शब्द आपल्याकडे असताना दुसरा शोधायचं कारण नाही. प्रतीही मी स्वयंपाकघरातल्याच ठरवल्या आहेत: पिठी, बारीक रवा, जाड रवा, मोहरी. मण्याला बारीक रवा पुरतो. कड्याला जाड रवा लागतो. मोहरीपेक्षा मोठा कण मनगटाच्या कुठल्याच दागिन्यात नको. तो तडाही पाडतो आणि कातडीलाही टोचतो.

पुण्याजवळ हे काम कधीपासून चालत आलं आहे, हे बघायचं तर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावं. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली १९६८पासून पुढे बारा-पंधरा वर्षं तिथे उत्खनन चाललं. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती त्यातून उजेडात आली. तिथे कुंभाराची भट्टी सापडली. तांबड्या अंगावर काळ्या रंगाची नक्षी असलेली जोर्वे पद्धतीची भांडी सापडली. भाजणी इतकी चांगली की ती आजही वाजतात. कॅल्सेडनी या गारेच्या कुळातल्या दगडाची बारीक पाती सापडली आणि मणीही सापडले. ज्या जोर्वे गावावरून या भांड्यांना नाव मिळालं, ते संगमनेर तालुक्यातलं. तिथे तांब्याच्या कुऱ्हाडींबरोबर तांब्याची एक बांगडीही मिळाली होती. दगड फोडून पाती काढणारा आणि माती भाजणारा एकाच वस्तीत, हाकेच्या अंतरावर राहत होता. एकाच्या अंगणातला चुरा दुसऱ्याच्या गोळ्यात गेला असेल का, हे सांगता येणार नाही. मला मात्र ती भांडी बघताना दोन्ही अंगणं दिसतात.

इनामगावची एक वस्तू मी विसरूच शकत नाही. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची लांबट डबी पुरलेली होती. आत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती, झाकणावर आणखी एक स्त्रीमूर्ती आणि सोबत बैल. हे सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं. एका पावसात जे विरघळलं असतं ते जमिनीखाली तीन हजार वर्षांहून जास्त काळ टिकलं. कच्ची माती म्हणजे तात्पुरती माती, हा आपला समज त्या डबीपुढे गळून पडतो. तरीही मनगटात घालायची वस्तू भाजलेलीच हवी. देवीला जमिनीखाली घाम येत नव्हता.

भाजण्याचं हे शाडूच्या बाबतीत मुद्दाम सांगायला हवं. गणपतीच्या दिवसांत पुण्यात शाडू सहज मिळतो. हाताला गुळगुळीत, मुलांच्या आवडीचा, म्हणून पुष्कळजण त्याचेच मणी करून वाळवतात, वर रंग आणि वार्निश लावतात. मूर्तीसाठी शाडू उत्तम, कारण तिला पाण्यात विरघळायचंच असतं. मनगटाला पाणी रोज लागतं. शाडूची पोची घालून भांडी घासता येत नाहीत, आणि जो दागिना रोजच्या कामात घालता येत नाही त्यावर मेहनत घेण्यात मला रस नाही.

बाजारात क्ले म्हणून जी रंगीत पाकिटं मिळतात, त्यांतली पॉलिमर क्ले खरं तर मातीच नाही. ते पीव्हीसी प्लॅस्टिक आहे, तेल घालून मऊ केलेलं, घरच्या ओव्हनमध्ये १३० अंशांच्या आसपास घट्ट होणारं. त्यात दगडाचा चुरा मिसळून केलेले मणी दिसतात हुबेहूब खऱ्या खड्यासारखे. मी ते केले आहेत आणि त्यातलं कौशल्य मला मान्य आहे. पण तो वेगळा व्यवसाय. त्यात दगड फक्त रंग म्हणून येतो. त्याच्या स्वभावाशी आपला संबंध येत नाही. म्हणून या पुस्तकात त्याला जागा नाही.

दगडाचा स्वभाव म्हणजे काय, ते वाघोलीत कळतं. नगर रस्त्यावरचं वाघोली म्हणजे पुण्याच्या इमारतींचं कोठार. तिथल्या खाणींतून आणि क्रशरवरून खडी, कच, डस्ट शहरात येते. त्याच खाणींच्या पोकळ्यांमध्ये जगभरच्या खनिजप्रेमींना वेड लावणारं एक खनिज मिळतं: कॅव्हनसाइट. मोरपिशी निळ्या सुयांचे छोटे गोंडे पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले असतात. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तीन मूलद्रव्यांच्या नावांतली अक्षरं घेऊन त्याचं नाव झालं. अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या नमुन्यांवरून १९७३ साली शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं, पण त्याचे सर्वांत देखणे नमुने मिळाले ते आपल्या वाघोलीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला पाषाण आहे. गावाचं नावच दगड, आणि तिथल्या जुन्या खाणींतला हिरवा ॲपोफिलाइट परदेशांतल्या संग्रहालयांत मानाने ठेवलेला आहे. ही सगळी खनिजं एकत्र बघायची असतील तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गाठावं.

आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न: ताई, हा निळा दगड कुटून मातीत घालू? मी प्रत्येकाला नाही म्हणते. एक तर कॅव्हनसाइटचा नमुना फोडणं हे पैठणीचं पायपुसणं करण्यासारखं आहे. दुसरं कारण त्याच्या आणि त्याच्या सोबतच्या खनिजांच्या घडणीत आहे. स्टिल्बाइट ज्या झिओलाइट कुळातला, त्या कुळाचं नावच उकळण्यावरून पडलं. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा दगड तापवला तर त्यातून वाफ निघाली, दगड उकळतो आहे असं वाटलं, म्हणून ग्रीक शब्दावरून त्याने हे नाव दिलं. ॲपोफिलाइटच्या नावाचा अर्थ तापवल्यावर पापुद्रे सुटणारा असा आहे. या खनिजांच्या स्फटिकातच पाणी असतं. माती तांबडी व्हायच्या कितीतरी आधी ते पाणी निघून जातं, चमक जाते, आणि उरतो भुगा. निळाई भट्टीतून परत येत नाही. दगडाच्या नावातच सूचना लिहून ठेवलेली आहे, ती आपण वाचली पाहिजे.

मग आगीत टिकतं काय? पहिला मान साध्या काळ्या दगडाचा. बेसॉल्टमध्ये लोह भरपूर असतं, त्यामुळे हजार अंशांपर्यंत त्याची कच तपकिरी-काळे ठिपके देते, आणि त्याहून वर, बाराशेच्या आसपास, ती वितळून काचेसारखी चकाकते. पिठी करून तिचाच मुलामा देता येतो. त्यानंतर गारेचं कुळ: गारगोटी, अकीक, जास्पर. यांची एक अडचण आहे. ५७३ अंशांना गार एकाएकी फुगते आणि निवताना त्याच जागी तितकीच आकसते. कण बारीक असेल आणि आच सावकाश चढवली-उतरवली तर काही होत नाही. घाई केली तर मणी बारीक बारीक तडकतो. काळ्या दगडात मोकळी गार जवळजवळ नसते, म्हणून तो हा झटका देत नाही. पिवळसर अकीक तापला की त्यातलं लोह लाल होतं, आणि खंबायतचे कारागीर शतकानुशतकं याच युक्तीने अकीक तांबडा करत आले आहेत. तांबड्या अकिकावर क्षाराने पांढऱ्या रेघा उठवून भाजलेले प्राचीन मणी देशभर सापडतात. त्यांच्यावर मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केलेला अभ्यास १९४९ साली पुण्यातूनच, डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. मण्यासारख्या सुपारीएवढ्या वस्तूचा इतका बारकाईने केलेला अभ्यास या शहरातून प्रसिद्ध झाला, याचा मला अभिमान वाटतो.

संगमरवराचा चुरा अजिबात नको. तो चुनखडीच आहे, आणि माझ्या पहिल्या कड्याची गोष्ट वर सांगितलीच. वाघोलीच्या कचेतही कधीकधी पोकळ्यांमधलं कॅल्साइट उतरतं. ओळखायची रीत घरातली आहे: चिमूटभर पिठीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे आले की ती कच बाजूला ठेवा.

धुळीबद्दल मात्र मी कळकळीने सांगते. गार, अकीक, जास्पर यांची कोरडी धूळ छातीत गेली तर ती बाहेर येत नाही. खंबायतच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिसने किती घरं उद्ध्वस्त केली, हे डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेलं आहे. म्हणून दगड कायम ओला करून कुटायचा, ओलाच चाळायचा, आणि कोरडी पिठी हाताळताना नाका-तोंडावर नीट बसणारा मास्क लावायचा. कुटायचा खलबत्ता वेगळा ठेवा. त्यात पुन्हा वेलदोडे कुटायचे नाहीत. लहान मुलांच्या हाती आधीच चाळून भिजवलेली कच द्या. आणि हे करताना एवढं लक्षात असू द्या, की आपण मूठभर कच मास्क लावून चाळतो, तिच्या डोंगराशेजारी माणसं राबतात, राहतात. वाघोलीच्या दगडखाण कामगारांच्या मुलांसाठी संतुलन संस्थेने खाणींवरच पाषाण शाळा चालवल्या. ज्या कचेचा आपण दागिना करतो ती या मुलांच्या अंगणात उडणारी धूळ आहे. कच विकत घ्या, फुकट मागू नका.

मनगट आणि भाजलेली माती यांचं नातं आपल्या उपखंडात फार जुनं आहे. मोहेंजोदडो आणि हडप्पा इथे राखाडी-काळ्या रंगाच्या मातीच्या बांगड्या सापडल्या आहेत, दगडासारख्या कठीण. अतिशय बारीक गाळलेली माती चाकावर घडवून, बंद डब्यांत ठेवून, हजार अंशांहून जास्त आचेवर त्या भाजल्या जात. डब्याचं तोंड मुद्रा उमटवून बंद केलेलं असे, म्हणजे आत काय चाललं आहे यावर कुणाची तरी नजर होती. काही बांगड्यांवर बारीक अक्षरं कोरलेली आहेत. त्याच लोकांनी गारेची पिठी, क्षार आणि तांब्याचा रंग यांपासून फायन्सच्या निळ्या-हिरव्या बांगड्या केल्या. तिथे तर चिकणमाती जवळजवळ नव्हतीच, सगळा दगडाचाच चुरा. दगड कुटायचा आणि त्याचाच पुन्हा मनासारखा दगड करायचा, ही कल्पना साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे.

त्या कठीण बांगड्यांचा आतला व्यास साधारण साडेपाच ते सहा सेंटिमीटर. तुळशीबागेत आपण दोन-चारची बांगडी मागतो, म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, सव्वादोन इंच. सेंटिमीटरमध्ये ५.७. हाताची घडण बदललेली नाही. कडं करणाऱ्याला हे माप पाठ हवं आणि त्यापुढचा हिशेबही. ओला गोळा वाळून-भाजून समजा दहा टक्के आकसला, तर ५७ मिलिमीटरचं कडं मिळायला ओलं असताना ते ६३-६४ मिलिमीटरचं करावं लागतं. प्रत्येक मातीचं आकसणं वेगळं. म्हणून आधी दहा सेंटिमीटरची पट्टी करून भाजायची आणि किती उरली ते मोजायचं. तिसऱ्या प्रकरणात मी पुण्याच्या आसपासच्या आणि बेळगावकडच्या खानापूरच्या मातीच्या अशा पट्ट्या करून बघितल्या आहेत. खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली आहे आणि तिला कच कमी लागते. तरी माझा ओढा घोडनदीकडेच.

मराठी माणसाला मातीचं काम म्हटलं की गोरोबाकाका आठवतात. त्यांचं तेर, धाराशिव जिल्ह्यातलं, म्हणजे प्राचीन तगर. सातवाहनांच्या काळी तिथला माल भडोचच्या बंदराकडे आणि तिथून रोमकडे जाई. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत, मणी आहेत. संतांच्या मेळ्यात थापटणं घेऊन कोण कच्चं कोण पक्कं हे पारखणारा माणूस ज्या गावचा, त्या गावच्या जमिनीतून दोन हजार वर्षांपूर्वीचं पक्कं काम निघतं. पुण्यातून तेरला जायला एक दिवस काढावा.

आपल्या शहरातही शोधावं लागत नाही. कसब्यात कुंभारवेस आहे, कुंभारवाडा आहे; मुंढव्याच्या केशवनगरात भट्ट्या आहेत. भीमथडी जत्रेत टेराकोटाचे दागिने विकायला येतात तेव्हा बायका थांबून हातात घेतात, किंमत विचारतात आणि म्हणतात, मातीचंच तर आहे. हे वाक्य मला लागतं. सोन्याच्या मजुरीला आपण घासाघीस करतो पण ती असते हे मान्य करतो. मातीच्या मजुरीला मजुरीच म्हणत नाही. माती निवडणं, भिजवणं, मुरवणं, मळणं, कच कुटणं, वळणं, घोटणं, वाळवणं, भाजणं: वीस मण्यांच्या पोचीला पंधरा दिवस जातात.

ओवण्याचं प्रकरण लहान आहे, पण ते वगळू नका. रविवार पेठेत, सोन्यामारुती चौकाच्या परिसरात, दागिने गाठवून देणारे पटवेकरी आहेत. मी त्यांच्यापाशी बसून गाठ शिकले. मातीच्या मण्याचं भोक आतून खरखरीत असतं आणि कच त्याला करवतीची धार देते; रबरी दोरा महिन्यात तुटतो. भोक ओलं असतानाच तेलाच्या काडीने घोटायचं आणि दोऱ्याला मेण लावायचं. नेवाशाला १९५४ ते ५६ या काळात झालेल्या उत्खननात एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्यामुळे तिचा दोराही टिकला होता, आणि त्यात सुताबरोबर रेशीम असल्याचं आढळलं. मूल गेलं, आणि घरच्यांनी मणी ओवायला रेशीम निवडलं. दोऱ्यात हयगय करावीशी वाटली की मी ती माळ आठवते.

शेवटी फुटण्याबद्दल. बांगडी फुटली असं आपल्या घरात म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मातीच्या दागिन्याबाबतीत हा शब्द अक्षरशः खरा आहे. भाजलेलं कडं फुटलं की त्याचे तुकडे कुटून कच करता येते, आणि ती कच कुठल्याही दगडापेक्षा भरवशाची, कारण ती एकदा आगीतून गेलेली असते. माझ्या पहिल्या कड्यातले चुन्याचे ठिपके कोरून काढून उरलेले तुकडे मी कुटले. त्यांची कच आज हातात असलेल्या पोचीच्या सात मण्यांत आहे.

माती चांगली भिजायला निदान दोन दिवस लागतात आणि मुरायला त्याहून जास्त. तेव्हा पहिलं प्रकरण उघडण्याआधी उठा, नदीकाठची किंवा कुंभाराकडून आणलेली किलोभर माती बादलीत भिजत घाला, वर फडकं झाका, आणि मग वाचायला बसा.